निघताना मोडलेले यंत्र आणि दैव

महाराष्ट्रात 1 जून ते 31 जुलै अशी 61 दिवसांची मासेमारीबंदी असते. ती उठली आणि दर्याला नारळ वाहिला की मुंबईतल्या मढ, भाटी, वेसाव्याच्या बोटी निघायच्या तयारीला लागतात. बर्फ भरलेला असतो, डिझेल भरलेले असते, खलाशी गावाहून आलेले असतात, आणि नेमके तेव्हाच इंजिन धरत नाही. अशा वेळी मनात दोन विचार जोडीनेच येतात. मिस्त्रीला बोलवावे हा एक. आणि आज दर्याच्या मनात नसावे हा दुसरा. पहिला व्यवहाराचा वाटतो, दुसरा श्रद्धेचा. माझे म्हणणे असे की श्रद्धेच्या कसोटीवरच दुसरा विचार टिकत नाही. बिघाडाला संकेत मानणारा माणूस देवावर आपल्या वाट्याचे काम ढकलत असतो.

बिघाड निघतानाच का होतो, याला कारण आहे. बोट पावसाळाभर किनाऱ्यावर शाकारून ठेवलेली असते. अर्ध्या रिकाम्या टाकीत दमट हवा कोंडते, तिचे पाणी डिझेलच्या तळाशी साचते आणि पुढे फिल्टरमध्ये, इंजेक्टरमध्ये शिरते. बॅटरी पडून पडून उतरते, तारांच्या टोकांवर हिरवट गंज चढतो, रबरी सील कडक होतात. डोल जाळ्याच्या दोरांचीही हीच गत. डोल भरतीओहोटीच्या ओढीसमोर तोंड उघडून उभी असते. उधाणाचा सगळा ताण तिच्या दोरांवर येतो, आणि कोपऱ्यात कुजलेला दोर हा ताण येईपर्यंत धडधाकटच दिसतो. म्हणजे दोष जुलैत होतो आणि ऑगस्टमध्ये कळतो, कारण दोन महिन्यांत पहिली परीक्षा तेव्हाच होते. शिवाय ज्या वर्षी इंजिन पहिल्याच फटक्यात सुरू झाले ते वर्ष कोणी शुभसंकेत म्हणून लक्षात ठेवत नाही. अपशकुनांचा हिशेब असा नेहमी एका बाजूनेच लिहिला जातो.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्म सिद्धीस जाण्याची पाच कारणे दिली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी करणे, नाना प्रकारच्या क्रिया आणि पाचवे दैव. दैव नाकारलेले नाही, पण बाकीच्या चारांची जागाही त्याला दिलेली नाही. यावर जाणकार म्हणतील की प्राचीन भाष्यकारांनी इथे करणे म्हणजे इंद्रिये घेतली आहेत, जाळे आणि इंजिन नव्हे. कबूल. पण इंजिनाचा बदललेला आवाज ऐकणारा कान, जळक्या तेलाचा वास घेणारे नाक, दोर चाचपणारी बोटे ही इंद्रियेच आहेत. ती वापरलीच नाहीत, तर उणीव तिसऱ्या कारणात आहे. तिचा दोष पाचव्याला देता येत नाही.

अधिक गंभीर आक्षेप महाभारतातूनच येतो. मौसलपर्वात द्वारकेच्या स्त्रियांना घेऊन निघालेल्या अर्जुनावर आभीर चालून येतात. गांडिवाला प्रत्यंचा चढवताना त्याची दमछाक होते, अस्त्रे आठवत नाहीत, अक्षय म्हणवणारे भाते रिकामे होतात, आणि शेवटी तो धनुष्याच्या टोकाने मारत राहतो. पुढे व्यास त्याला सांगतात की हा काळाचा महिमा, अस्त्रांचे काम संपले. मग आयुध निकामी होणे हा संकेतच नाही का? (हे गांडीव वरुणाचे, म्हणजे ज्या देवाला नारळी पौर्णिमेला नारळ वाहतात त्याचेच, तेव्हा मढच्या वाचकाला हा आक्षेप परका नाही.) पण कथेतला क्रम पाहावा. धनुष्य दगा देते तरी अर्जुन थांबत नाही. उरलेल्यांना तो सुखरूप पोचवतो, कृष्णाचा पणतू वज्र याला इंद्रप्रस्थात बसवतो, आणि मगच व्यासांकडे जातो. काळाची भाषा त्याला कर्तव्य संपल्यावर, सांत्वन म्हणून ऐकवली जाते. निघण्यापूर्वी हातपाय गाळायला तिचा आधार घेणे म्हणजे शेवटचे पान आधी वाचणे.

राहिला व्यवहारी आक्षेप: अपशकुनाच्या भीतीने का होईना, माणूस घरी राहतो आणि जीव वाचतो. हा युक्तिवाद मला सर्वांत फसवा वाटतो. इंजिन बेभरवशाचे असेल तर थांबलेच पाहिजे, त्यासाठी उत्पन्नाचा दिवस बुडाला तरी. पण संकेत मानून थांबलेला माणूस संकेत निवळला की निघतो. पुन्हा नारळ वाहिला, मढच्या हरबादेवीला साकडे घातले, मन शांत झाले. टाकीतले पाणी मात्र तिथेच आहे. इंजिन बंद पडण्याला धर्मही कळत नाही. शेजारच्या एरंगळात संत बोनाव्हेंचरला मेणबत्ती लावणाऱ्याच्या डिझेलातही पाणी तसेच साचते.

पूजा मात्र टाकाऊ नाही. बोट धुऊन, रंगवून, तिला हार घालताना नाखवा तिच्या अंगाखांद्यावरून हात फिरवतो, आणि वर्षातून एकदा तरी प्रत्येक फळी त्याच्या नजरेखालून जाते. दसऱ्याच्या शस्त्रपूजेतही हेच आहे. तेव्हा नाखवांना विनंती एवढीच: नारळी पौर्णिमेची वाट न पाहता जुलैच्या मध्यालाच टाकी उपसा, फिल्टर बदला, इंजिन किनाऱ्यावरच चालवून ऐका, दोर ताणून पाहा. नारळ त्यानंतर वाहा.