सामाईक तार

शेतात थ्री फेज वीज आली की मोटार आपोआप सुरू करून देणारी एक छोटी पेटी मिळते. शेतकरी तिला ऑटो स्विच म्हणतात. रात्रपाळीची वीज मध्येच जाते, कधी परत येईल याचा नेम नसतो, आणि तेवढ्यासाठी अंधारात, विंचू-सापाच्या भीतीत विहिरीवर बसून राहणं कुणालाच नको असतं. पेटी बसवली की माणूस घरी झोपू शकतो. पुढे मोबाइल स्टार्टर आला. त्यात सिमकार्ड असतं. घरून फोन लावला की मोटार सुरू होते आणि वीज आल्याचा निरोपही तोच देतो. जालना जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला 'स्मार्ट' तंत्रज्ञान कुणी शिकवायला जाण्याची गरज नाही. गरजेपोटी त्याने ते केव्हाच आपलंसं केलं आहे.

महावितरण मात्र सतत सांगत असते की ऑटो स्विच काढा, कपॅसिटर बसवा. यामागचं कारण खरं आहे. पाच एचपीची मोटार चालताना सात-आठ अँपिअर घेते, पण सुरू होण्याच्या क्षणी तिला त्याच्या पाच-सहा पट प्रवाह लागतो. एका डीपीवर, म्हणजे रोहित्रावर, वीस-पंचवीस मोटारी, आणि वीज परतताच सगळ्या एकाच क्षणी उठतात. व्होल्टेज कोसळतं, फ्यूज उडतो, नाहीतर डीपीच जळते. मग ऐन रब्बीत हरभरा-गहू पाण्यासाठी ताटकळतो. शेतकरी वर्गणी काढतात आणि दुरुस्तीसाठी रोहित्र ट्रॅक्टरवर घालून नेतात. प्रत्येकाने आपल्यापुरता शहाणा निर्णय घेतलेला असतो, आणि त्या सगळ्या शहाण्या निर्णयांनी मिळून सगळ्यांची वीज घालवलेली असते.

भरवशाच्या आणि टिकाऊ विजेबद्दल मला जे म्हणायचं आहे ते या डीपीपाशीच आहे. तार सामाईक आहे, जमिनीखालचं पाणीही सामाईक आहे. तंत्रज्ञान मात्र आपण एकेकाच्या हातात देत चाललो आहोत. एकेकट्याची सोय वाढवत गेल्याने व्यवस्था भरवशाची होत नाही. आज सौरऊर्जेवर जो प्रचंड पैसा खर्च होतो आहे, त्यातला कोणता खर्च तार सुधारतो आणि कोणता तिच्यापासून पळवाट काढून देतो, हे जालन्यासारख्या जिल्ह्याने नीट पाहायला हवं.

शेतीला दिवसा आठ तास किंवा रात्री दहा तास, आठवड्याआड पाळी बदलून, अशी वीज महाराष्ट्राने वर्षानुवर्षं दिली. कोळशावरची केंद्रं रात्री बंद करता येत नाहीत आणि शहरं झोपलेली असतात, म्हणून उरलेली वीज शेतकऱ्याकडे. त्याच काळात जालना औद्योगिक वसाहतीतल्या पोलाद कारखान्यांनाही व्यवस्था रात्रीकडेच बोलावत होती. भंगार वितळवून सळई करणाऱ्या इंडक्शन भट्टीला टनामागे साडेपाचशे-सहाशे युनिट लागतात. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत युनिटमागे दीड रुपयाची सवलत होती. म्हणजे टनामागे आठ-नऊशे रुपये, आणि सळईच्या धंद्यात हा फरक लहान नव्हे. एकाच जिल्ह्यात, एकाच रात्री, एकाच कारणाने दोघांना उठवलं जात होतं. भट्टीला त्याबद्दल सवलत मिळत होती. शेतकऱ्याला त्या अंधाराची भरपाई कुणी दिली नाही. स्वस्त वीज हीच भरपाई असं सांगितलं गेलं, पण साप चावलेल्या माणसाच्या घरच्यांसमोर ते कुणाला म्हणता येईल?

आता ही घडी उलटते आहे. दुपारी सौरवीज मुबलक झाली आणि २०२५मध्ये वीज नियामक आयोगाने उद्योगांच्या सवलतीचा कल रात्रीकडून दिवसाकडे वळवला. त्या आदेशांवरून वाद न्यायालयापर्यंत गेले, उद्योगांच्या तक्रारीही पोकळ नाहीत. रात्रीच्या दरावर हिशेब बसवलेल्या कारखान्याला सगळी पाळी बदलावी लागते. तरीही दिशा बरोबर आहे असं मला वाटतं. मराठवाड्याला कोळशाच्या विजेची आणखी एक किंमत ठाऊक आहे. परळीचं औष्णिक केंद्र २०१३मध्ये आणि पुन्हा २०१५मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं. २०१३च्या त्याच दुष्काळात जालन्यातल्या मोसंबीच्या बागा वाळल्या, लोकांनी झाडं तोडून सरपण केलं. जिथे पिण्याच्या पाण्याची मारामार, तिथे वाफेसाठी पाणी मागणारी वीज टिकाऊ कशी म्हणायची?

सूर्याची वीज शेतापर्यंत नेण्याचे राज्यात दोन मार्ग आहेत. एक, 'मागेल त्याला सौर कृषिपंप'. शेतकऱ्याने दहा टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने पाच टक्के. अडीच एकरांपर्यंत तीन एचपी, पाच एकरांपर्यंत पाच, त्यापुढे साडेसात एचपीचा पंप. कोटेशन भरून वर्षानुवर्षं 'पेड पेंडिंग' राहिलेल्या माणसाला हा पंप म्हणजे सुटका आहे, त्याला नावं ठेवण्याचा अधिकार मला नाही. राज्याने एका महिन्यात ४५,९११ पंप बसवून डिसेंबर २०२५मध्ये विश्वविक्रमही केला. दुसरा मार्ग, मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना. उपकेंद्राजवळच्या जमिनीवर काही मेगावॅटचा प्रकल्प उभा करायचा आणि त्या उपकेंद्रातून निघणारे शेतीचे फीडर दिवसा त्यावर चालवायचे. योजना २०१७ची, दुसरा टप्पा २०२३चा. या दुसऱ्या टप्प्यातला पहिला प्रकल्प शेजारच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावला २०२४मध्ये सुरू झाला, तीन मेगावॅटचा. ही वीज युनिटला तीन रुपयांच्या आसपास पडते.

मी दुसऱ्या मार्गाच्या बाजूने आहे. सुट्या सौरपंपाची वीज पंपाबाहेर कुठे जात नाही. पावसाळ्यात, दोन पाण्यांच्या मधल्या दिवसांत, पीक निघाल्यावर पॅनेल तापत राहतं आणि वीज वाया जाते. फीडरवरच्या प्रकल्पाची तीच वीज त्या दिवशी गावाच्या गिरणीला, जालन्याच्या भट्टीला जाऊ शकते. दुपारच्या विजेला जवळच मोठं गिऱ्हाईक असणं हे या जिल्ह्याचं भाग्य आहे. कोपऱ्यातल्या, जिथे तार न्यायची म्हणजे मैलभर खांब रोवावे लागतील अशा विहिरीला सुटा पंप जरूर द्यावा. पण जिथे तार आहे तिथे तो दिला की तार सुधारण्याची निकड संपते. तिच्यावर उरतात ते बहुधा ज्यांना आपला वाटाही भरता येत नाही असे लोक.

मात्र फीडर सौर झाला म्हणून डीपी वाचत नाही. दिवसा आठ तास वीज आली तरी पंचवीस मोटारी एकदम उठल्या तर रोहित्र जळणारच. इथे खरं हुशार तंत्र लागतं, आणि ते अवघड किंवा महागडं नाही. मोटारी काही सेकंदांच्या अंतराने सुरू करणारा विलंब, प्रत्येक पंपाला कपॅसिटर, डीपीवर भार आणि तापमान मोजणारा मीटर, आणि जळण्याआधी लायनमनला व गावाला जाणारा इशारा. स्मार्ट मीटरवरून राज्यात एवढं वादळ झालं की २०२४च्या जूनमध्ये सामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नाही असं सरकारला जाहीर करावं लागलं. लोकांचा राग मला समजतो. मीटर आला तो वसुलीच्या वाटेने. तो आधी डीपीवर आला असता, त्याच्यामुळे एका हंगामात एक जरी रोहित्र वाचलं असतं, तर त्याच्याकडे लोकांनी वेगळ्या नजरेने पाहिलं असतं.

पाण्याचा प्रश्न याहून कठीण आहे. रात्रीची खंडित वीज हा वाईट मार्गाने का होईना, उपशावरचा लगाम होता. दिवसभर उन्हात फुकट चालणारा पंप तो लगाम काढतो. जालना तालुक्यातल्या कडवंचीने पाणलोटाची कामं करून, शेततळी बांधून द्राक्षं पिकवली. तिथे आधी पाणी मुरवलं गेलं, मग बागा आल्या. इतरत्र बोअरमधून उपसून प्लास्टिकच्या शेततळ्यात भरलेलं पाणी म्हणजे भूगर्भातून काढून उन्हात वाळत घातलेलं पाणी. गुजरातेत खेडा जिल्ह्यातल्या ढुंडी गावी २०१६पासून शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेने सौरपंपांची उरलेली वीज ग्रिडला विकली. वीज विकून पैसे मिळाले तर पाणी उपसण्याचा मोह कमी होतो, हा त्यामागचा विचार. आपल्याकडे शेतकऱ्याला पंप मिळतो, पण न वापरलेल्या विजेचा मोबदला मिळत नाही. भूजल अधिनियम २००९चा आहे, पंपाची योजना वेगळ्या खात्याची. एकाच विहिरीवर दोन्ही येऊन थांबतात आणि एकमेकांशी बोलत नाहीत.

माहितीचंही तेच. सरकारी सौरपंपाला दूरस्थ देखरेखीचं यंत्र जोडलेलं असतं. पंप किती तास चालला, किती वीज झाली, हे दूर कुठल्यातरी सर्व्हरवर नोंदलं जातं. ती नोंद गावात वाचली जात नाही. तारेवरच्या शेतीपंपांचा वापर तर मोठ्या प्रमाणात अंदाजानेच लिहिला जातो. तो फुगवून दाखवला जातो आणि त्याआड गळती व चोरी लपते, असं वीज ग्राहक संघटनेचे प्रताप होगाडे आणि पुण्याचा प्रयास ऊर्जा गट वर्षानुवर्षं मांडत आले आहेत. फीडरवर किती युनिट आले, सौर प्रकल्पातून किती आले, किती तास पुरवठा झाला, किती डीपी जळल्या आणि किती दिवसांनी बदलल्या, आणि गावच्या निरीक्षण विहिरीत पाणी किती फुटांवर आहे, हे आकडे दर महिन्याला ग्रामपंचायतीच्या फलकावर लागले पाहिजेत. सौर प्रकल्पासाठी ग्रामपंचायतींना वर्षाला पाच लाखांप्रमाणे तीन वर्षं प्रोत्साहन निधी देण्याची तरतूद आहे. त्यातला काही हिस्सा या मोजणीवर खर्च व्हावा.

घाईचं कारणही आहे. साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना मोफत वीज देणारी बळीराजा योजना मार्च २०२९पर्यंतची आहे. त्यानंतर दर ठरवायची वेळ येईल तेव्हा शेतकऱ्याने खरंच किती वीज वापरली, त्यातली किती सूर्याची होती आणि ती किती रुपयांची, यावर वाद होईल. त्या वादात मंठ्याच्या किंवा परतूरच्या शेतकऱ्याच्या हातात आपल्या फीडरचे तोवरचे आकडे असतील की फक्त एचपीवर काढलेलं अंदाजाचं बिल, हे आत्ता बसणाऱ्या मीटरांवर अवलंबून आहे.