फळी आणि मज्जाव

जुनं घासून घ्यायचं की उपटून फेकायचं, हा आपल्यातला कायमचा वाद. मी सूतगिरणीतला कामगार. सुट्टीच्या दिवशी सुताराच्या हाताखाली जातो. धुळ्या-जळगावच्या जुन्या वाड्यांत माडीला सागवानी फळ्या आहेत. त्या घासताना या वादाचं उत्तर हाताला कळतं.

आधी टोच्या खुपसायचा. भसकन आत गेला तर वाळवी, फळी बाद. टणक लागली तर खिळे खोल ठोकायचे, मग पॉलिश पेपर, पहिला साठ नंबर, नंतर एकशेवीस, रेषेच्या दिशेनं. आडवं घासलं की ओरखडे उठतात. शेवटी जवसाचं तेल. मळ तसाच ठेवून तेल दिलं तर मळच चकाकतो.

हा साग बहुतेक सातपुड्याचा, डांगचा. इंग्रजांनी १८४२ साली भिल्ल राजांकडून डांगचं रान ठेक्यानं घेतलं ते याच लाकडासाठी. झाड तोडलं आदिवासीनं, ओझं वाहिलं आपल्या बापजाद्यांनी, रंधा मारला सुतारानं. आणि माडीवर पाय ठेवायला मज्जाव कुणाला? आपल्यालाच.

म्हणून सांगतो, फळी घामाची आहे, ती राखा. मज्जाव मळ नव्हे, वाळवी आहे. त्याला घासून गुळगुळीत करणारे भेटतील. त्यांच्या हातातला पेपर काढून घ्या.