मुक्कामाचा धर्म

कारंजा लाडमध्ये परगावचा माणूस दिसला की पहिला प्रश्न ठरलेला असतो. “कुठी उतरले जी?” गाव, आडनाव, कामधंदा हे सगळं त्यानंतर. पौष शुद्ध द्वितीयेला नृसिंह सरस्वतींची जयंती असते आणि माघ वद्य प्रतिपदेला गुरुप्रतिपदा. त्या दिवसांत दिल्ली वेशीपासून गुरुमंदिरापर्यंतच्या गल्ल्यांतून हा प्रश्न सारखा कानावर पडतो. कुणी भक्तनिवासात उतरलेलं असतं, कुणी जैन धर्मशाळेत, कुणी मावशीकडे. कुणी मात्र “अजून कुठंच नाही” म्हणतं, आणि मग विचारणारा घुटमळतो. कारण प्रश्न विचारला म्हणजे उत्तराची जबाबदारीही थोडी आपल्यावर आली, हे आमच्या गावाला ठाऊक आहे.

परक्या माणसाला रात्रीपुरती जागा देणं हे आपल्याकडे धर्माचं काम मानलं गेलं. आता तीच जागा पेटीएवढ्या मापात, मोबाइलवर पैसे भरून, कुणाशी अवाक्षर न बोलता मिळते. मग त्या धर्माचं काम संपलं का? मुंबईत अशा एका पेटीत मी रात्र काढली तेव्हापासून हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही.

आधी कारंज्याचंच पाहू. ‘गुरुचरित्रा’तल्या कथेनुसार माधव आणि अंबा यांचा मुलगा नरहरी याच गावात जन्मला. मुंज होईपर्यंत त्याच्या तोंडून ॐकाराखेरीज शब्द निघाला नाही, आणि पुढे लहान वयातच तो घर सोडून काशीला गेला, संन्यास घेऊन नृसिंह सरस्वती झाला. मधे एकदा आईवडिलांना भेटायला तो कारंज्याला आला, पण राहायला म्हणून परतला नाही. औदुंबर, नरसोबाची वाडी, गाणगापूर ही त्याची पुढची ठिकाणं. आज ज्या जागेच्या ओढीनं हजारो लोक आमच्या गावात येतात, ती त्यानं सोडलेली जागा आहे. 1934 साली इथं मंदिर उभं राहिलं, पादुका बसल्या, आणि गावाला यात्रेकरूंची सवय लागली.

संन्याशाला शास्त्रानं घर नाकारलं. खेड्यात एक रात्र, नगरात पाच, पावसाळ्यात मात्र चातुर्मास एका ठिकाणी, असा त्याचा नेम. पण घर नसलेल्या माणसालाही पौषातली थंडी लागते. त्यामुळे एकानं घर सोडणं आणि दुसऱ्यानं दार उघडणं ही एकाच व्रताची दोन अंगं होतात. संन्याशाचा अपरिग्रह गृहस्थाच्या ओसरीवर तरलेला असतो. तेराव्या शतकात महाराष्ट्रभर हिंडलेले चक्रधर स्वामी कुठं बसले, कुठं निजले, कुठं जेवले याची ठिकाणवार नोंद महानुभावांनी ‘स्थानपोथी’त केली, आणि त्या जागी ओटे बांधून त्यांना नमस्कार केला. ज्याचं कुठंच घर नव्हतं त्याची प्रत्येक मुक्कामाची जागा त्यांना पूज्य वाटली.

कारंज्यात दुसरी परंपरा आहे जैनांची. सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ अशी तीन जुनी दिगंबर मंदिरं इथं आहेत. इथल्या भांडारांतली हस्तलिखितं विद्वानांनी पाहिली, आणि डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली 1930 नंतरच्या काही वर्षांत कारंज्याच्या नावानं अपभ्रंश ग्रंथांची मालाच निघाली. तीत श्रावकानं कसं जगावं हे सांगणारा ‘सावयधम्मदोहा’ 1932 साली आला. श्रावकाच्या आचारात दानाला फार मोठं स्थान आहे. आचार्य समंतभद्रांच्या ‘रत्नकरंडक श्रावकाचारा’त मुनींच्या सेवेसाठी दान चार प्रकारचं सांगितलं आहे: आहार, औषध, उपकरण आणि आवास. पुढे जी चार दानं सगळ्यांच्या तोंडी बसली ती आहार, औषध, शास्त्र आणि अभय. म्हणजे जिथं आधी आवास होता, तिथं अभय आलं. ही अदलाबदल मला फार खोल वाटते. भुकेल्याला अन्न देता येतं, आजाऱ्याला औषध देता येतं, पण परगावी अंधार पडल्यावर माणसाच्या मनात जी भीती येते तिच्यावर उतारा म्हणून काय देणार? जागा द्यायची. छप्पर हे साधन झालं, द्यायचं ते अभय.

याच मापानं मी आधी आमच्या स्वतःच्या घराला मोजते.

माझ्या लहानपणी यात्रेच्या दिवसांत आमच्या वाड्याची ओसरी माणसांनी भरून जायची. आजी घोंगड्या काढून ठेवायची, पाण्याचा हंडा दाराशी आणायची, कंदिलाची वात बारीक करून तो रात्रभर कोनाड्यात ठेवायची. माजघराचं दार ती लोटून घ्यायची, कडी लावायची नाही. रात्री कुणी खोकलं तर आतून आवाज यायचा, “काढा देऊ का जी?” अनोळखी माणसं त्या एका आवाजावर निवांत झोपत. पण ओसरीवर कोण निजणार आणि खाली गोठ्याजवळ कोण, हेही आजीच ठरवायची. भाकर सारखी, घोंगडी सारखी, जागा वेगळी. एका वर्षी एक म्हातारा बुवा आला. हातात काठी, खांद्यावर झोळी. आजीनं “या” म्हटलं, तर तो ओसरीच्या पायरीला हात लावून, पाय न ठेवता, सरळ गोठ्याकडे वळला आणि बैलाच्या शेजारी त्यानं आपलं पोतं अंथरलं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. सांगावं लागत नव्हतं. त्या रात्री त्याला थंडीपासून आडोसा मिळाला, अभय मिळालं नाही. जिथं माणसाला आपली जागा आधीच माहीत असते आणि ती खालची असते, तिथं त्याची भीती झोपत नाही.

म्हणून जुन्या धर्मशाळांच्या आठवणीनं गहिवरून येणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगते. दान होतं, पण त्याला उंबरठा होता.

आता त्या पेटीची गोष्ट. माझ्या भावाची शस्त्रक्रिया परळच्या एका रुग्णालयात व्हायची होती. रात्री रुग्णाजवळ एकालाच थांबता येत होतं, तिथं वहिनी थांबली. मी मूर्तिजापूरला अमरावती एक्स्प्रेस धरून पहाटे मुंबईला उतरले होते, दिवस रुग्णालयात गेला, आणि रात्री कुठं जायचं हा प्रश्न उभा राहिला. पुतण्यानं फोनवरून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या आवारातच पॉड घेऊन दिला. 1888 साली पुरी झालेली ही दगडी वास्तू 2004 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. तिचे घुमट, कमानी, दगडात कोरलेले प्राणी-पक्षी बघायला जग येतं. बाहेर फोर्टचा जुना भाग, आणि आत एका दालनात एकावर एक रचलेल्या झोपायच्या पेट्या. ही कल्पना जपानची. किशो कुरोकावा या वास्तुविशारदानं आखलेलं पहिलं कॅप्सूल हॉटेल 1979 साली ओसाकात उघडलं. आपल्या रेल्वेनं असं पहिलं पॉड हॉटेल 2021 च्या नोव्हेंबरात मुंबई सेंट्रलला सुरू केलं, त्यात 48 पॉड. पुढे ते सीएसएमटीलाही झालं.

काउंटरवरच्या मुलीनं आधार कार्ड पाहिलं, पैसे मिळाल्याची खात्री केली, लॉकरची किल्ली दिली. कार्डावर माझं आडनाव होतं, पण त्यावरून माझी जागा ठरली नाही. पॉड म्हणजे वाड्याच्या भिंतीतलं फडताळ, एवढंच की त्यात माणूस आडवा होतो. स्वच्छ पांढरी चादर, उशाशी दिवा, मोबाइल चार्ज करायला सोय, एक आरसा, वरून गार हवा. बसलं तर डोकं जेमतेम छताला लागत नाही. मला ती जागा कमी वाटली नाही. माणसाला रात्री जेवढं अंग तेवढीच जागा लागते, हे मुनी आणि संन्यासी कधीपासून सांगत आले आहेत. ते मला त्या रात्री अंगाला कळलं आणि बरं वाटलं.

मध्यरात्री वरच्या पॉडमधून दबलेला आवाज आला. बाई फोनवर बोलत होती. “रिपोर्ट उद्या देणार म्हणाले. नाही रडत मी.” मग फोन बंद झाला, आणि ती रडत राहिली. तिच्या-माझ्यात हातभर अंतराची फळी होती. मी उठून बसले. ती फळी वाजवावी की नाही हे मला ठरवता येईना. तिनं एकांताचे पैसे दिले होते, आणि तिच्या रडण्याला तेवढाच आडोसा होता. मी वाजवली नाही. सकाळी बेसिनपाशी आम्ही शेजारी उभ्या राहिलो, तेव्हा तिच्या पर्सला अडकवलेला पास दिसला. तो त्याच रुग्णालयाचा होता.

त्या पॉडनं मला जे दिलं ते मी कमी लेखत नाही. एकट्या बाईला मुंबईत कुलूपबंद, स्वच्छ, जात न विचारणारी जागा मिळणं ही माझ्या आजीच्या पिढीला स्वप्नात न येणारी गोष्ट आहे. गोठ्याकडे वळलेल्या त्या बुवाला तिथं कुणी गोठ्याकडे पाठवलं नसतं. म्हणजे अभयाचा एक अर्धा भाग नव्या काळानं पुरा केला: जन्मावरून नाकारलं न जाणं. दुसरा अर्धा भाग मात्र राहून गेला, आणि तो आजीच्या ओसरीवर होता: आपण इथं आहोत हे कुणाला तरी ठाऊक असणं. कुलपानं चोराची भीती जाते. उद्याच्या रिपोर्टची भीती कुलपानं जात नाही.

एकांत हाही धर्माचाच मार्ग आहे, तर मग पॉडमध्ये वाईट काय, असं कुणी विचारील. विचारायलाच हवं. पण मुनीचा एकांत त्यानं निवडलेला असतो, आणि सकाळी तो आहाराला निघतो तेव्हा कुणीतरी श्रावक दाराशी त्याची वाट पाहत उभा असतो. त्याचा एकांत अवतीभवतीच्या समाजानं सांभाळलेला असतो. वरच्या पॉडमधल्या बाईचा एकांत कुणीच सांभाळत नव्हतं.

आणि जिच्याकडे पॉडचे पैसे नाहीत तिचं काय? परळला मोठ्या रुग्णालयांच्या बाहेर रात्री फुटपाथवर निजलेली कुटुंबं मी त्याच दिवशी पाहिली. उशाला एक्सरेचं पाकीट, पायाशी स्टोव्ह. जात गेली तर उंबरठा पैशाचा आला. हे दोन्ही उंबरठे आमच्या वऱ्हाडातल्याच एका माणसानं फार आधी ओळखले होते. शेंडगावला 1876 साली जन्मलेले गाडगेबाबा. अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि गाडगं. लोकांनी कीर्तनात दिलेल्या पैशातून त्यांनी देवळं बांधली नाहीत. धर्मशाळा बांधल्या: पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू. पंढरपुरात ज्या चोखोबांना देवळात पाऊल ठेवू दिलं नव्हतं त्यांचंच नाव त्यांनी धर्मशाळेला दिलं, आणि 1949 साली ती डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हाती सोपवली. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ आणि दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळा रुग्णांच्या नातेवाइकांसाठी आहेत. देव कुठं आहे या प्रश्नाला बाबांनी दिलेलं उत्तर मला यात दिसतं. रात्री ज्याला जागा नाही त्याच्यापाशी देव आहे, आणि जागा देणं ही त्याची पूजा.

आमच्याच वाशिम जिल्ह्यात मानोरा तालुक्यात पोहरादेवी आहे, सेवालाल महाराजांचं समाधिस्थान. रामनवमीला तिथं देशभरातून बंजारा समाज लाखोंनी येतो. एवढ्या माणसांना खोल्या कुठून पुरणार? माणसं शेतात, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली, झाडाखाली निजतात. छप्पर नसतं, कुलूप नसतं. पण एका बाजेवरचं लेकरू रडलं तर चार बाजांवरच्या बाया उठतात. पिढ्यान्‌पिढ्या बैलांच्या तांड्याबरोबर मुक्काम करत चाललेल्या या समाजाला अभय भिंतींत नसतं हे पक्कं माहीत आहे.

म्हणून माझ्यापुरतं उत्तर असं आहे. जागा छोटी असो की मोठी, फुकट असो की विकत, मुक्कामाला धर्म म्हणायचं तर दोन अटी पुऱ्या व्हायला हव्यात. दार उघडण्याआधी आडनाव विचारायचं नाही, आणि दार उघडल्यावर माणसाची चौकशी केल्यावाचून राहायचं नाही. पहिली अट आपण नव्या काळाकडून शिकावी, दुसरी जुन्या ओसरीकडून. एकच अट पाळली तर एक तर गोठा तयार होतो, नाही तर पेटी.

कारंज्यातल्या कितीतरी वाड्यांच्या खोल्या आज बंद आहेत. मुलं पुण्याला, नागपूरला गेली, कड्यांना गंज चढला. यात्रेच्या दिवसांत त्याच गल्ल्यांतून माणसं पिशव्या घेऊन फिरतात. आमच्या वाड्यातल्या समोरच्या दोन खोल्या मी येत्या गुरुप्रतिपदेला उघडणार आहे. चुना मारून झाला आहे, गाद्या पिंजायला टाकल्या आहेत. शेजारच्या दोन घरांनीही होकार दिला आहे, आणि रात्री आळीपाळीनं एकानं जागं राहायचं ठरलं आहे. ज्यांच्याकडे कुलूप लावलेली खोली आहे अशा प्रत्येक गावकऱ्याला माझी विनंती आहे की “कुठी उतरले जी?” हा आपला प्रश्न विचारताना उत्तराची तयारी ठेवूनच विचारावा.