हिशेब आणि प्रीती

गावोगावच्या मंडळ्यांत जाणे होते तेव्हा एक प्रश्न आम्हांस वारंवार विचारण्यात येतो, आणि तो विचारणारे बहुधा सरळ मनाचे व श्रद्धावान लोक असतात. घरात वृद्ध आई अंथरुणास खिळली आहे. मुलीची फी भरण्याची तारीख जवळ आली आहे. आणि हाती पैसा आहे तो दोहोंपैकी एकाच कामापुरता. अशा वेळी ख्रिस्ती माणसाने काय करावे? आईच्या दुखण्यापुढे पैशाचा हिशेब मांडणे ही प्रीतीची उणीव नव्हे काय? देव पाहून घेईल असे म्हणून मिळेल तेथून पैसा उभा करावा, हाच विश्वासाचा मार्ग नव्हे काय?

आमचे उत्तर आम्ही आरंभीच सांगतो. हिशेब हा प्रीतीचा वैरी नाही. जी प्रीती हिशेब करीत नाही तिचीही किंमत कोणास तरी मोजावी लागतेच. आणि ती बहुतकरून घरातील ज्या माणसाचे मत कोणी विचारीत नाही त्याच्या माथी बसते. म्हणून पैसा खर्च करण्यापूर्वी, हा भार शेवटी कोण वाहणार, असे विचारणे हे ख्रिस्ती कुटुंबाचे कर्तव्य आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका कुटुंबाची मासिक प्राप्ती १५ हजार रुपये आहे. आजी पडून तिचे हाड मोडले. मुलाने घाईघाईने जवळच्या खासगी दवाखान्यात नेले, आणि गावातील एका सावकाराकडून १ लाख २० हजार रुपये दरमहा शेकडा ३ रुपये व्याजाने घेतले. आजी बरी झाली, सर्वांनी देवाचे उपकार मानले, आणि ते योग्यच होते. परंतु व्याजाचे दरमहा ३,६०० रुपये, म्हणजे प्राप्तीचा जवळजवळ चौथा हिस्सा, घरातून जाऊ लागले. वर्षाचे व्याज ४३,२०० रुपये झाले आणि मुद्दल जागच्या जागी राहिले. त्याच घरातील मुलीस परिचारिकेच्या शिक्षणाकरिता वर्षाला ४० हजार रुपये लागणार होते. पुढच्या जूनमध्ये तिला सांगण्यात आले की, यंदा राहू दे. आजीच्या उपचाराचा निर्णय बापाने केला, कर्जाच्या कागदावर सही बापाने केली, आणि त्याची किंमत मुलीने दिली. तिला कोणी विचारलेही नव्हते.

कर्ज मुलांच्या माथी कसे बसते, हे पवित्र शास्त्राने आम्हांपासून लपविलेले नाही. अलीशा संदेष्ट्याकडे आलेली विधवा ही एका देवभक्त माणसाची पत्नी होती. नवरा कर्ज ठेवून वारला आणि सावकार तिच्या दोन मुलांस दास करून नेण्यास आला होता. संदेष्ट्याने तिला काय विचारले? तुझ्या घरात काय आहे, हे प्रथम विचारले. चमत्कार पुढे झाला. शिलकेची चौकशी आधी झाली. आणि तेल मिळाल्यावरही त्याने तिला मेजवानी करण्यास सांगितले नाही. तेल विकून प्रथम देणे फेडावे व उरेल त्यावर आपला व मुलांचा निर्वाह करावा, असे सांगितले. नहेम्याच्या दिवसांतही लोकांनी दुष्काळात धान्यासाठी शेते व द्राक्षमळे गहाण टाकले, आणि त्यांच्या मुलींपैकी काही आधीच दास्यात गेल्या होत्या. मुलींचे नाव तेथे मुद्दाम आले आहे, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

आपल्या देशात आज मुलांस कोणी दास करून नेत नाही. परंतु दहावीतून काढलेला मुलगा वीटभट्टीवर जातो, आणि बारावीतून काढलेल्या मुलीचे घाईने लग्न होते. यात आमच्या मंडळ्यांस विशेष लाज वाटली पाहिजे. अहमदनगर येथे मिस फरार यांनी चालविलेली मुलींची शाळा पाहून जोतीराव फुले यांस प्रेरणा झाली, आणि १८४८ साली त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. जो दिवा आमच्या दारावरून शेजाऱ्यांनी लावून नेला, तो आमच्याच घरात प्रथम विझावा काय?

येथे कोणी उलट टोकास जाऊन म्हणेल की, मग म्हाताऱ्या माणसांवर खर्च करूच नये. त्यांचे दिवस संपत आले, मुलांचे पुढे आहेत. हेही प्रभूने साफ नाकारले आहे. आईबापांस जे द्यावयाचे ते देवाला वाहिले आहे, म्हणजे कुर्बान आहे, असे सांगून मोकळे होणाऱ्या लोकांस त्याने कठोर शब्दांनी दोष दिला. देवाच्या नावाने जे टाळता येत नाही, ते मुलांच्या शाळेच्या नावानेही टाळता येणार नाही. ज्या आईने आपली कुडकी मोडून आम्हांस शाळेत घातले, तिच्या औषधाच्या वेळी आम्ही शिक्षणाचे महत्त्व सांगू लागावे, यासारखी कृतघ्नता नाही.

तेव्हा दोन्ही देणी खरी आहेत, आणि म्हणूनच हिशेब अवश्य आहे. जेथे एकच देणे असते तेथे हिशेबाचे काय काम? चांगल्या शोमरोन्याकडे पाहा. त्याने जखमी माणसाच्या जखमा बांधल्या, त्याला उतारशाळेत नेले, आणि दुसऱ्या दिवशी मालकाच्या हाती दोन दीनार ठेवले. अधिक लागेल ते परत येताना देईन, असा शब्दही त्याने दिला. त्याने खर्चाचा अंदाज केला, हाती होते ते रोख दिले, उरलेल्याची जबाबदारी स्वतःच्या नावावर घेतली. पाठीमागे कोणा तिसऱ्यावर भार टाकून तो निघून गेला नाही. प्रीती आणि हिशेब या दोन्ही गोष्टी त्या एका मनुष्यात सुखाने नांदत होत्या.

आता व्यवहाराच्या काही गोष्टी सांगतो. कारण पुष्कळ कर्जे गरिबीने होतात त्यापेक्षा घाईने व अज्ञानाने अधिक होतात.

पहिली गोष्ट ही की, जे आपल्या हक्काचे आहे ते आधी मागावे. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार विनामूल्य करण्यात आले आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली नेमलेल्या आजारांचे उपचार संलग्न रुग्णालयांत मोफत होतात. २०२३ च्या निर्णयाने तिची मर्यादा कुटुंबामागे वर्षाला दीड लाखावरून ५ लाख रुपयांपर्यंत नेण्यात आली. अशा रुग्णालयांत आरोग्यमित्र नावाचा कर्मचारी असतो. रोगी दाखल करण्यापूर्वी, अगर अपघात असेल तर दाखल करताच, त्याला भेटावे. शिधापत्रिका व आधार कार्ड घरात एकाच पिशवीत ठेवावे, म्हणजे मध्यरात्री शोधाशोध होत नाही. धर्मादाय संस्था म्हणून नोंदलेल्या मोठ्या रुग्णालयांसही कायद्याने काही खाटा निर्धन व दुर्बल रुग्णांकरिता राखून ठेवाव्या लागतात. शिक्षणाच्या बाबतीत, १ एप्रिल २०१० पासून अमलात असलेल्या कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या मुलास मोफत शिक्षणाचा हक्क आहे. हक्काची वस्तू मागण्यात भीक नाही. पौलाने आपले रोमी नागरिकत्व प्रसंगी सांगितले; ते सांगण्यात त्याचा विश्वास उणा पडला नाही.

दुसरी गोष्ट कर्जाची. सर्व कर्ज पाप आहे असे आम्ही म्हणत नाही. जीव वाचविण्यास घ्यावेच लागले तर घ्यावे. परंतु सही करण्यापूर्वी तीन गोष्टी कागदावर मांडाव्या: वर्षाचे व्याज किती रुपये, ते कोणत्या प्राप्तीतून जाणार, आणि त्यामुळे घरातील कोणाचे काय थांबणार. शेकडा ३ म्हटले की थोडे वाटते. वर्षाचे शेकडा ३६ म्हटले की डोळे उघडतात. १८७५ साली सुपे येथे व पुणे-अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावी कुणब्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. त्यांतील कित्येकांनी आपण कशावर अंगठा उठविला हे वाचले नव्हते. त्यांस वाचता येत नव्हते. आम्हांस वाचता येते. परवान्यावाचून सावकारी करणे हा २०१४ च्या महाराष्ट्राच्या कायद्याप्रमाणे गुन्हा आहे, हेही उपदेशकांनी मंडळीस सांगावे. बचत गट, पतसंस्था, सोसायटी व बँक ही दारे प्रथम ठोठवावी.

तिसरी गोष्ट काटकसरीची. तहान लागल्यावर विहीर खणण्यात अर्थ नाही. योसेफाने सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा राखला. मजुरी करणाऱ्यास पाचवा हिस्सा राखणे जड जाईल. परंतु करिंथच्या मंडळीस पौलाने जो नियम घालून दिला, की आठवड्याच्या पहिल्या दिवशी ज्याने त्याने आपापल्या प्राप्तीप्रमाणे काही बाजूस ठेवावे, तो घरासही लावता येतो. आठवड्यास १०० रुपये म्हणजे वर्षाला ५,२०० रुपये होतात. ते मोठे नाहीत. परंतु तापाच्या साथीत किंवा वह्यापुस्तकांच्या वेळी सावकाराच्या ओट्यावर जाण्याचे टळते. आणि काटकसर करावयाची ती औषधात किंवा शाळेत करण्यापूर्वी लग्नाच्या मांडवात व बारशाच्या जेवणात करावी. ऋण काढून सण करणाऱ्या ख्रिस्ती माणसास त्याचे शेजारी दोन दिवस वाखाणतात आणि त्याची मुले दहा वर्षे फेडीत बसतात.

चौथी गोष्ट सर्वांत अवघड आहे. हिशेब बायकोपासून व मोठ्या मुलांपासून लपवू नये. कित्येक घरांत कर्जाचा आकडा एकटा बाप जाणतो. त्यांस काळजी लागू नये, असे तो म्हणतो. पण बहुधा त्याला लाज वाटत असते. ज्यांस भार वाहावयाचा आहे त्यांस तो पाहू द्यावा. सोळा वर्षांच्या मुलीस घराची खरी स्थिती सांगितली तर ती समजून घेते, आणि कधी कधी शिष्यवृत्तीचा जो अर्ज बापास ठाऊक नाही तो तीच शोधून काढते.

आणखी एक प्रसंग राहिला. केव्हा केव्हा डॉक्टर स्पष्ट सांगतात की आता उपचाराने आयुष्य वाढणार नाही. तरीही लोक काय म्हणतील या भीतीने शेत विकून रोग्यास मोठ्या शहरात नेण्यात येते. रक्तस्रावाने बारा वर्षे पीडलेल्या स्त्रीने आपले होते नव्हते ते वैद्यांवर घालविले व तिला गुण आला नाही, हे शुभवर्तमानात स्पष्ट लिहिले आहे. अशा दुःखी माणसांचा शेवटचा पैसा घेण्यास टपलेले लोक आजही आहेत. अशा वेळी दुसऱ्या डॉक्टरांचे मत अवश्य घ्यावे, आणि मग रोग्यालाच विचारावे. पुष्कळ आज्या म्हणतील की, माझ्यापायी नातीची शाळा मोडू नका. तथापि ते शब्द त्यांनी आपण होऊन बोलावे. आम्ही तोंड वाकडे करून ते त्यांच्या मुखातून काढू नये. आणि खर्चिक उपचार थांबले म्हणजे सेवा थांबली असे नव्हे. वेदना शमविणारे औषध, स्वच्छ अंथरूण, वेळेवर पेज, उशाशी बसून वाचलेला एखादा अध्याय, यांत कसूर होता कामा नये. ज्या घरात ही सेवा होते त्या घराने लोकांच्या बोलण्याची पर्वा करू नये. जेथे ती होत नाही तेथे हिशेबाच्या आड कठोरपणा दडला आहे असे समजावे.

शेवटी मंडळीविषयी. एके काळी वसतिगृहाचा व दवाखान्याचा पुष्कळसा भार मिशन सोशीत असे. डॉ. वानलेस यांनी १८९४ साली मिरजेस रुग्णालय सुरू केले तेव्हापासून किती गरिबांनी त्याचा आश्रय घेतला! ती व्यवस्था आता पुष्कळ ठिकाणी पूर्वीसारखी राहिली नाही. तेव्हा जो भार परदेशचे बंधू वाहत होते तो आम्ही एकमेकांचा वाहण्यास शिकले पाहिजे. गलतीकरांस लिहिताना पौलाने एकाच अध्यायात दोन्ही गोष्टी सांगितल्या आहेत: एकमेकांची ओझी वाहावी, आणि प्रत्येकाने आपला भार वाहावा. हिशेब करणारे कुटुंब आपला भार वाहते. आणि हिशेब करूनही जे उरते ते मंडळीचे ओझे होय. तीस घरांच्या मंडळीने घरटी महिन्यास ५० रुपये वेगळे ठेवले तर वर्षाला १८ हजार रुपये होतात. त्याचा जमाखर्च वर्षातून दोनदा सर्वांपुढे वाचावा, व प्रथम मदत त्या घरास करावी जेथे दुखण्यामुळे एखाद्या मुलाची शाळा सुटण्याच्या बेतात आहे. जून महिन्यात उपदेशकाने प्रत्येक घरी जाऊन एवढेच विचारावे: यंदा कोणाचे नाव शाळेतून कमी झाले काय, आणि का?

प्रभू आमच्या घरांस मोकळा हात देवो, आणि हातात काय आहे ते पाहण्याचे डोळेही देवो. म्हणजे आमच्या प्रीतीची किंमत आम्हीच देऊ, आमची लेकरे देणार नाहीत.