उरलेलं कोणाच्या पानात?

‘आमच्या लहानपणी घरात काही वाया जात नसे,’ असं साठी ओलांडलेली मंडळी सांगतात, आणि ते बहुतांशी खरंही असतं. पुरणाची डाळ शिजली की वरचा कट मोरीत जात नसे, त्याची आमटी होई. दोडक्याच्या शिरांची चटणी वाटली जाई. लोणी कढवल्यावर तळाला राहिलेल्या बेरीत साखर घालून ती मुलांच्या हातावर पडे. रात्रीच्या पोळ्या सकाळी कुस्करून फोडणीला टाकत आणि आमटी उरली तर तिच्यातच पीठ भिजवून थालीपिठं लावत. या पदार्थांचं कौतुक दर काही वर्षांनी नव्यानं होतं. पण एवढं करूनही जे उरायचं, ते कोणाच्या पानात पडायचं, हे मात्र कोणी विचारत नाही.

उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे. आधी मुलं आणि पुरुष जेवून उठत, बायका मागून बसत. तव्यावरची पोळी त्याला, दुरडीतली गार पोळी तिला. सकाळची भाजी, कालची भाकरी, लेकरानं पानात टाकलेला अर्धा लाडू, सगळं तिच्या वाट्याला. घराबाहेरही शिळ्याची वाट ठरलेली होती. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लोकांना उष्ट्या-शिळ्या तुकड्यांवर जगणं सोडा असं बजावलं, ते उगीच नव्हे. गावाचं शिळं ज्यांच्या पदरात टाकलं जाई, त्यांनीच पदर पसरायला नकार दिला. आपली काटकसर खरी होती, पण तिचा बराचसा भार दुसऱ्यांच्या पोटावर होता.

आज घरातली बाई सगळ्यांबरोबर जेवते आणि नको असेल तर नको म्हणते. कामाला येणाऱ्या मावशीही कालची भाजी डब्यात घालून न्यायला राजी नसतात. हे चांगलंच झालं. मात्र उरलेलं गपचूप रिचवणारी माणसं गेली तरी स्वयंपाकाचा अंदाज जुनाच राहिला. पुरलं नाही तर लाज वाटते, उरलं तर कोणी बोलत नाही, म्हणून भाताला एक मूठ जास्तच पडते.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२४ चा अहवाल सांगतो, की २०२२ मध्ये जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं ६० टक्के घराघरांतून गेलं. भारतीय घरांसाठी त्यांचा अंदाज माणशी वर्षाला ५५ किलोचा आहे, म्हणजे चौघांच्या घरात रोज साधारण ६०० ग्रॅम. यात साली, कोयी, हाडंही धरलेली आहेत. तरीही श्रीमंत आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या घरांत सरासरीचा फरक माणशी अवघा सात किलोंचा निघाला. तेव्हा नासाडी ही श्रीमंतांची खोड, असं म्हणून आपल्याला सुटता येत नाही.

आठवड्याच्या शेवटी फ्रीज उघडून पाहावा. झाकण नसलेल्या वाटीत दोन चमचे उसळ, मागच्या कप्प्यात चार दिवसांची आमटी, पिशवीत घामेजलेली कोथिंबीर, अर्धं कापलेलं लिंबू आणि आपण न मागवलेल्या, ऑर्डरबरोबर आलेल्या चटणीच्या पुड्या. यातलं बहुतेक पानात आलेलंच नव्हतं. ताट स्वच्छ करा असं मुलांना कितीही सांगितलं तरी इथं त्याचा उपयोग नाही, कारण चूक मंडईत किंवा कणीक भिजवताना होऊन गेलेली असते. सात वाजता कुकर लागतो आणि आठला मुलगा ‘मी बाहेरच खाऊन येतो’ असं कळवतो. एका घरातली माणसं एका वेळी जेवत नाहीत, पण स्वयंपाक अजून पंगतीच्या हिशेबानं होतो.

म्हणून दुपारी चारपर्यंत रात्रीचं कळवायचं, न कळवणाऱ्यानं उरलेलं खायचं, एवढा एक नियम बराच फरक पाडेल. जुना डबा पुढे, नवा मागे. पाकिटावरचं ‘बेस्ट बिफोर’ चव-दर्जाबद्दल असतं, ते ‘एक्स्पायरी’ नव्हे. भात मात्र रात्रभर ओट्यावर ठेवू नये. त्यात वाढणारे काही जिवाणू जे विष सोडतात, ते सकाळच्या फोडणीनंही जात नाही. भात लवकर निववून फ्रीजमध्ये ठेवला, तर दुसऱ्या दिवशी बेलाशक परतावा.

लग्नाच्या हॉलमधलं न हात लावलेलं ताजं अन्न गरजूंपर्यंत तासाभरात पोचवणं योग्यच. पण घरचं तीन दिवसांचं शिळं ‘कोणाला तरी देऊ’ म्हणणं, म्हणजे पुन्हा जुन्याच वाटेनं जाणं. ओल्या कचऱ्याचं खत जरूर करावं, कचराभूमीवर हवेविना कुजून त्याचा मिथेन होण्यापेक्षा ते केव्हाही बरं. मात्र त्या भातासाठी शेतात मुरलेलं पाणी, जळलेला गॅस आणि कोणाचे तरी ओट्यापाशी गेलेले तास खतातून परत मिळत नाहीत.

आजीच्या पाककृती हव्यातच, पण तिची जागा कोणालाही देऊ नये. फ्रीजमध्ये काय आहे हे घरातल्या प्रत्येकाला, विशेषतः पुरुषांना, ठाऊक असायला हवं. जो जेवतो त्यानं अंदाजही बांधावा, आणि चुकला तर उरलेलं सगळ्यांच्या पानात सारखं वाढावं. एकदा वाटा सर्वांना आला, की भाताला जास्तीची मूठ टाकणारा हात आपोआप आखडेल.