निघण्याच्या आदल्या संध्याकाळी

गाडी दारात उभी आहे. उद्या दौंडहून निघायचं, पाटसला महामार्ग धरायचा, वरवंड मागे टाकून चौफुल्याला उजवीकडे वळायचं. पारगावला भीमा ओलांडायची, न्हावऱ्यावरून शिरूर गाठायचं आणि तिथून पुण्याच्या दिशेने रांजणगावच्या महागणपतीला. पिशव्या भरून झाल्या असतील. आता थोडा वेळ फक्त गाडीसाठी ठेवा. मोबाइल घरातच राहू द्या.

आधी गाडीभोवती एक सावकाश फेरी मारा. प्रत्येक चाकाशी खाली बसा आणि टायरवरून तळवा फिरवा. कुठे फुगवटा आहे का, खिळा रुतलाय का, कडेला चिरा पडल्यात का, ते हाताला आधी कळतं. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली असेल, तर तो टायर प्रवासाचा नाही. हवा सकाळी टायर थंड असतानाच तपासायची. किती भरायची तो आकडा बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेला असतो, आणि भरल्या गाडीचा आकडा अनेकदा वेगळा दिलेला असतो. उद्या गाडी भरलेली असणार आहे, हे लक्षात ठेवा. स्टेपनीतही हवा बघा. गाडी सीएनजीवर असेल, तर सिलिंडरची तीन वर्षांनी होणारी चाचणी कधी झाली, ती तारीख पाहा. ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल, वायपर, दिवे ही कामं मेकॅनिककडून करून घेता येतात. त्यांवर फार रेंगाळू नका.

रेंगाळायचं आहे ते मागच्या सीटवर.

मागचं दार उघडा आणि आत बसा. उद्या आई जिथे बसणार आहे, अगदी त्याच जागी. दीर्घ श्वास घ्या. आता हात मागे नेऊन बेल्ट शोधा. सापडला? आपल्याकडे नवी गाडी आली की पहिल्याच आठवड्यात सीट कव्हर चढतं, आणि बेल्टची बकलं त्याखाली कायमची गाडली जातात. ती बाहेर काढा. कापडाला चीर द्यावी लागली तर खुशाल द्या. बेल्ट पूर्ण ओढून पाहा, बकलात अडकवा, ‘खट्’ आवाज ऐका. खालचा पट्टा पोटावरून नको, कंबरेच्या हाडांवरून जायला हवा. आईला नऊवारीवर तो कसा बसतो ते उद्या निघताना तुम्हीच वाकून नीट करून द्या. ‘मागे कशाला बेल्ट?’ असं ती म्हणेल. तिला सांगण्याजोगं तुमच्याजवळ काही असायला हवं.

४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात, चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर एक महागडी, भक्कम गाडी कठड्याला धडकली. पुढचे दोघे जखमी झाले, पण वाचले. मागे बसलेले उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांचे सहप्रवासी गेले. मागच्या दोघांनी बेल्ट लावले नव्हते, असं पोलिसांनी सांगितलं. ताशी ५० किलोमीटरच्या वेगाची धडक म्हणजे सुमारे दहा मीटर उंचीवरून पडणं. गाडी थांबते, पण आतलं माणूस त्याच वेगाने पुढे जात राहतं आणि समोरच्या सीटवरच्या आपल्याच माणसावर आदळतं.

आता शेजारची जागा पाहा. इथे नातू बसेल, की सुनेच्या मांडीवर? त्या मांडीचा विचार जरा थांबून करा. धडकेच्या क्षणी मुलाचं वजन हातांना अनेक पटींनी जाणवतं. कितीही प्रेमाने कवटाळलं तरी पकड सुटते. २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या सुधारणेत १४ वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा त्याच्यासाठीची वेगळी सीट सांगितली आहे, ती याचसाठी. पुढच्या सीटवर पोराला उभं करून रस्ता दाखवायची हौस उद्या घरीच ठेवू या.

उतरण्याआधी पायाखाली पाहा. पाण्याची स्टीलची बाटली घरंगळत ब्रेकखाली जाऊन बसू शकते. डबे, नारळ, पूजेची पिशवी सगळं डिकीत, खाली.

आता ड्रायव्हरच्या सीटवर या. गाडी चालवणाऱ्या माणसाकडे मायेने बघा, मग ते तुम्ही असाल किंवा मुलगा. तो आज रात्री रेल्वेच्या ड्युटीवर आहे का? कुरकुंभच्या कंपनीतून सकाळी सातला सुटून नऊला स्टिअरिंग धरणार आहे का? ताशी ८० च्या वेगात तीन सेकंद डोळा लागला, तर गाडी सुमारे ६७ मीटर जाते. तेवढ्या अंतरात पाटसच्या पुढे महामार्गाच्या कडेला उभा असलेला कंटेनर येऊ शकतो. चहाने झोप जात नाही, ती थोडी पुढे ढकलली जाते. रात्रपाळी असेल तर दर्शन दुपारनंतर ठेवा. महागणपती कुठे जात नाही.

शेवटी डोळे मिटून रस्ता मनात चालून पाहा, पण येतानाचा, अंधारातला. गळीत हंगाम असेल, तर या भागातल्या साखर कारखान्यांकडे उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली असते. एकामागे दोन ट्रॉल्या, मागचा दिवा असलाच तर उसाच्या शेंड्यांआड झाकलेला. गाण्याचा आवाज एवढा की तुमचा हॉर्न ट्रॅक्टरवाल्याला ऐकू जाणार नाही. समोरच्या गाडीचा प्रकाश डोळ्यांवर आला की ती ट्रॉली दिसतच नाही. यावर गाडीतलं कुठलंही यंत्र पुरेसं नाही. उपाय वेळेचा आहे: उजेडात चौफुला गाठता येईल असं निघायचं. म्हणून रांजणगावहून परतायची वेळ आत्ताच ठरवा आणि घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. रांगेत उशीर झालाच, तर तिथल्या भक्तनिवासात चौकशी करा, किंवा शिरूरला पाहुण्यांकडे मुक्काम करा. त्यासाठी एक जादा कपड्यांचा जोड आणि आईच्या रात्रीच्या गोळ्या आजच पिशवीत घाला, आणि पाहुण्यांना आत्ताच फोन करून ठेवा, की उद्या कदाचित येऊ.