स्थान, आज्ञा आणि बलिदान : शोमरोनी धर्मविचाराचे परिशीलन

उपासनेच्या विचारात तीन प्रश्न मुळाशी असतात. उपासना कोणाची करावी, ती कोठे करावी आणि ती कशाने करावी? पहिल्या प्रश्नाचे उत्तर एकच असले म्हणजे उरलेल्या दोहोंचा निर्णय आपोआप होतो, असा सामान्य समज आहे. तो खरा नाही. ज्यांचा परमेश्वर एक, ज्यांचा धर्मप्रवर्तक एक, ज्यांचे मूळ शास्त्रही एकच, असे दोन समाज केवळ स्थान आणि साधन यांच्या निर्णयावरून दोन हजार वर्षांहून अधिक काळ एकमेकांपासून दूर राहिले. यहुदी आणि शोमरोनी हे ते दोन समाज होत. त्यांच्या मतभेदाचे परिशीलन केले असता विधी म्हणजे काय आणि विधीचे पालन म्हणजे काय, या प्रश्नावर पुष्कळ प्रकाश पडतो.

शोमरोनी समाज आज अत्यंत लहान आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांची संख्या दोनशेच्याही आत आली होती. आज ती नऊशेच्या आसपास आहे. त्यांतील काही कुटुंबे नाब्लुस नगराजवळ, म्हणजे प्राचीन शखेमाजवळ, गरिज्जीम पर्वतावरील किर्यत लूझा या वस्तीत राहतात आणि काही तेल अवीवजवळच्या होलोन येथे. आपण योसेफाच्या एफ्राईम व मनश्शे या पुत्रांचे आणि लेवीचे वंशज आहोत, असे ते सांगतात. ‘शोमरोनी’ या नावाचा अर्थही ते ‘शास्त्राचे रक्षण करणारे’ असा करतात. यहुदी परंपरेने मात्र त्यांना ‘कूथी’ म्हटले. इ. स. पू. ७२२ च्या सुमारास अश्शूरी राजांनी उत्तरेचे इस्राएली राज्य बुडविले आणि कूथा आदी नगरांतून परके लोक आणून तेथे वसविले. हे त्यांचेच वंशज, असा तो पक्ष आहे. एक परमेश्वर, एक संदेष्टा मोशे, एक शास्त्र म्हणजे तोरा, एक पवित्र स्थान म्हणजे गरिज्जीम आणि अंती न्यायाचा दिवस, ही शोमरोनी श्रद्धेची सूत्रे होत. मोशेच्या पाच ग्रंथांव्यतिरिक्त दुसरे कोणतेही शास्त्र ते प्रमाण मानीत नाहीत.

आता मतभेदाचे मूळ पाहावयाचे. शोमरोनी तोरा आणि यहुदी तोरा यांत सुमारे सहा हजार पाठभेद मोजले गेले आहेत. त्यांतील बहुतेक अक्षरलेखनाचे आणि किरकोळ आहेत. परंतु थोडे असे आहेत की ज्यांवर सर्व आचार उभा आहे. ‘अनुवाद’ ग्रंथात उपासनेचे स्थान वारंवार सांगितले आहे. यहुदी पाठात ते ‘परमेश्वर जे निवडील ते’ स्थान आहे. शोमरोनी पाठात ‘परमेश्वराने जे निवडले ते’ स्थान आहे. हिब्रू लिपीत हा भेद ‘योद’ या एका अक्षराचा आहे. एक अक्षर असले तर निवड भविष्यातली होते, नसले तर भूतकाळातली. भविष्यातली म्हटली की दावीद व शलमोन यांच्या काळी प्रकट झालेले यरुशलेम हे स्थान ठरते. भूतकाळातली म्हटली की तोरेत नाव घेऊन आशीर्वादाचा पर्वत म्हणून सांगितलेला गरिज्जीम पुढे येतो. कारण यरुशलेमाचे नाव पाचही ग्रंथांत कोठेच आलेले नाही. शोमरोनी पाठात दहावी आज्ञाच मुळी गरिज्जीमवर वेदी बांधण्याविषयी आहे. पोथीच्या एका अक्षराचे मोल काय असते, हे हस्तलिखितांची जपणूक करणाऱ्या परंपरेस वेगळे सांगावयास नको.

यांपैकी मूळ पाठ कोणता, या वादात दोन्ही बाजूंनी घाई करणे बरे नव्हे. कुमरान येथील गुहांतून १९४७ नंतर जी प्राचीन हस्तलिखिते मिळाली, त्यांत शोमरोनी पाठाशी पुष्कळसे जुळणारे ‘निर्गम’ ग्रंथाचे हस्तलिखित आहे. परंतु गरिज्जीमची आज्ञा त्यात नसावी, असा निर्णय अभ्यासकांनी दिला आहे. म्हणजे ही आज्ञा मागाहून जोडली गेली असावी. उलट, यार्देन ओलांडल्यावर वेदी कोणत्या पर्वतावर उभारावी, हे सांगणाऱ्या वचनात यहुदी पाठ ‘एबाल’ म्हणतो आणि शोमरोनी पाठ ‘गरिज्जीम’ म्हणतो. तेथे जुन्या लॅटिन भाषांतराच्या एका हस्तलिखितातही गरिज्जीमच आढळतो. तेव्हा पाठ बदलण्याचा दोष सर्वस्वी एकाच पक्षाच्या पदरी टाकता येत नाही.

या पाठभेदाचा आचारावर झालेला परिणाम वल्हांडणाच्या विधीत स्पष्ट दिसतो. मिसर देशाच्या दास्यातून सुटका झाली, त्या रात्रीच्या स्मरणार्थ कोकरू बलि द्यावे, अशी तोरेची आज्ञा आहे आणि ते निवडलेल्या स्थानीच द्यावे, असे ‘अनुवाद’ सांगतो. शोमरोनी लोक आजही पहिल्या महिन्याच्या चौदाव्या दिवशी सायंकाळी गरिज्जीमवर एकत्र जमतात. मुख्य याजक शास्त्रवचने म्हणतो. मेंढरे कापली जातात. जमिनीत खणलेल्या खोल भट्ट्यांत ती सबंध भाजली जातात. मध्यरात्रीच्या सुमारास बेखमीर भाकर आणि कडू भाजी यांसह ते मांस प्रवासास निघालेल्या माणसाप्रमाणे घाईने खाल्ले जाते. हाड मोडावयाचे नाही आणि सकाळपर्यंत काही शिल्लक ठेवावयाचे नाही. उरले ते जाळून टाकतात. यहुदी लोक त्याच सणास बेखमीर भाकर खातात, परंतु कोकरू बलि देत नाहीत; कारण त्यांचे स्थान यरुशलेमचे मंदिर, आणि ते रोमी सैन्याने इ. स. ७० मध्ये उद्ध्वस्त केले. स्थान नाही म्हणून बलि नाही. तात्पर्य, एक समाज बलि देतो आणि दुसरा देत नाही. परंतु दोघेही एकाच नियमाने वागतात.

येथे अशी शंका संभवते की, शोमरोन्यांचा पर्वत तर जागच्या जागी आहे. मग तोरेत सांगितलेले नित्याचे होमबलि, पापार्पणे आणि शांत्यर्पणे ते तेथे का करीत नाहीत? त्याचे समाधान त्यांच्याच परंपरेत आहे. तीनुसार प्रारंभी ‘रहूता’ म्हणजे प्रसन्नतेचा काळ होता. मोशेच्या काळचा निवासमंडप गरिज्जीमवर होता. पुढे एली नावाच्या याजकाने अधिकाराच्या लोभाने शिलो येथे वेगळे उपासनास्थान मांडले. तेव्हा परमेश्वराने निवासमंडप गुप्त केला आणि ‘फानूता’ म्हणजे विमुखतेचा काळ सुरू झाला. ‘ताहेब’ नावाचा पुनःस्थापक येईल तेव्हाच मंडप पुन्हा प्रकट होईल. तोपर्यंत मंडपावर अवलंबून असलेले बलि बंद. वल्हांडणाची गोष्ट वेगळी. कारण पहिले वल्हांडण मंडप उभारण्यापूर्वी, मिसर देशात, घरोघरी झाले होते.

ही गोष्ट फार विचारणीय आहे. स्थान हाती आहे, याजकांचा वंश आहे, शास्त्र मुखोद्गत आहे. तरीही हे लोक बहुतेक बलि करीत नाहीत. ज्याची आज्ञा या काळासाठी नाही, ते करणे म्हणजे उपासना नव्हे, स्वच्छंद होय. म्हणजे न करणे हाही येथे आचारच आहे. विधीचे पालन जितके क्रियेने होते, तितकेच ते संयमानेही होते.

यहुदी परंपरा वेगळ्या मार्गाने याच ठिकाणी आली. मंदिराच्या नाशानंतर योहानान बेन जक्काई या आचार्यांनी यावने येथे अध्ययनाचे केंद्र उभारले. मंदिराच्या भग्नावशेषांकडे पाहून विलाप करणाऱ्या शिष्यास त्यांनी प्रेमाची कृत्ये हेही तितकेच समर्थ प्रायश्चित्त आहे, असे समजाविल्याची कथा आहे. नित्याच्या बलींच्या वेळा पुढे प्रार्थनेच्या वेळा झाल्या. बाराव्या शतकातील थोर पंडित मैमोनिदीस यांनी तर बलिदान हे त्या काळच्या माणसांच्या जडलेल्या सवयीस अनुसरून दिलेले साधन होते, असे प्रतिपादन केले. आणि तरीही त्यांनीच आपल्या धर्मसंहितेत बलींचे सर्व नियम काळजीपूर्वक नोंदविले. कारण सांगता आले म्हणून आज्ञा रद्द होत नाही, हा त्यातील आशय. ख्रिस्ती शास्त्राने तिसरी वाट धरली. योहानाच्या शुभवर्तमानात शोमरोनी स्त्री येशूसमोर या पर्वतावर की यरुशलेमात, हा नेमका वाद मांडते. तेथे उत्तर दोन्ही स्थानांच्या पलीकडच्या, आत्म्याने करावयाच्या उपासनेचे मिळते आणि बलिदानाचा विचार येशूच्या एका मरणात समाप्त होतो.

रक्तबलीवाचून उपासना चालू राहिल्याचे उदाहरण त्याहूनही जुने आहे. नाईल नदीतील एलेफंटाइन बेटावर एक यहुदी वसाहत होती. तिचे मंदिर इ. स. पू. ४१० मध्ये पाडले गेले. इ. स. पू. ४०७ मध्ये तेथील लोकांनी यहुदा प्रांताच्या अधिपतीस साहाय्यासाठी पत्र लिहिले आणि शोमरोनच्या अधिपतीच्या पुत्रांनाही कळविले. दोन्हीकडून मिळून जे उत्तर आले, त्यात वेदीवर अन्नार्पण व धूप करावा, असे आहे. होमबलीचा उल्लेख नाही. कारण त्या उत्तरात दिलेले नाही. पण पशुहोमावाचूनही वेदी ही वेदीच राहते, हे यरुशलेम आणि शोमरोन या दोघांनी त्या वेळी मिळून मान्य केले, एवढे निश्चित.

दुसरी शंका अशी की, आमोस, होशेय, यशया, मीखा या संदेष्ट्यांनी दयेवाचून केलेल्या बलींचा कठोर निषेध केला. शोमरोनी तर हे ग्रंथ मानीतच नाहीत. मग त्यांच्या विधीस अंतःशुद्धीचा आधार कोणता? याचे समाधान तोरेतच आहे. परमेश्वरावर सर्व अंतःकरणाने प्रीती करावी, अंतःकरणाचा कठोरपणा दूर करावा, अनाथ, विधवा व परदेशी यांचा सांभाळ करावा, ही वचने ‘अनुवाद’ ग्रंथातील असून दोन्ही पाठांत आहेत. शोमरोन्यांशी वाद करणाऱ्या यहुदी आचार्यांनीही एके ठिकाणी मान्य केले आहे की, जी आज्ञा कूथी लोकांनी स्वीकारली, ती ते इस्राएलाहूनही काटेकोरपणे पाळतात. प्रतिपक्षाने दिलेली ही साक्ष मोलाची आहे. लूकच्या शुभवर्तमानातील दृष्टांतात वाटेवर जखमी पडलेल्यास उचलणाराही शोमरोनीच आहे.

शेवटी जीवहत्येचा प्रश्न उरतो. अहिंसा हा ज्यांच्या आचाराचा पाया आहे, त्या परमार्गीय साधकास गरिज्जीमवरील ती संध्याकाळ मान्य होणे शक्य नाही. आणि ते मान्य आहे, असे दाखविण्याची आवश्यकताही नाही. परमेश्वर जीवाच्या वधाने प्रसन्न होत नाही, हा निर्णय येथे अबाधित आहे. तथापि त्या शास्त्राच्या अंतरंगातही या निर्णयाची एक खूण आढळते. ‘उत्पत्ती’ ग्रंथाच्या आरंभी मनुष्यास आणि पशूंस आहार म्हणून केवळ वनस्पती नेमून दिल्या आहेत. मांसाची मोकळीक जलप्रलयानंतरची आहे. त्यानंतरही रक्त म्हणजे जीव, म्हणून ते खाऊ नये, हा निषेध कायम राहिला. म्हणजे वध ही त्या शास्त्राची मूळ स्थिती नव्हे. मागाहून मिळालेल्या त्या मोकळीकीलाही मर्यादा घातल्या आहेत.

मग शोमरोन्यांकडून घ्यावयाचे ते काय? त्यांचा बलि नव्हे. पर्वत समोर असता, हात मोकळे असता आणि मनात शतकांची आस असता, आज्ञा नाही म्हणून वेदी रिकामी ठेवणे, हे घ्यावयाचे. आपल्या इच्छेला भक्तीचे नाव देणे मनुष्यास फार सोपे जाते. आपणास जे अर्पण करावेसे वाटते ते आणि परमेश्वरास जे अपेक्षित आहे ते, या दोहोंतील अंतर ज्यास ओळखता आले, त्याने उपासनेचे पहिले सूत्र जाणले. स्थान हिरावले जाते, मंदिर पडते, लोकसंख्या दोनशेच्या खाली येते. परंतु आज्ञेच्या मर्यादेत थांबून राहण्याचे सामर्थ्य ज्या समाजात असते, त्याची उपासना खंडित होत नाही. असो.